बसप्पाचा दुसरा बस्ता

पालीत पिठाची गिरणी एकच होती आणि बसप्पाही एकच होता, म्हणून गावानं दोन्ही चालवून घेतलं. बीड तसं जवळच; पण दळणाचा डबा डोक्यावर घेऊन बीडला कोण जातंय? त्यामुळं बसप्पा कितीही भडकला तरी बायका त्याच्याच दारात रांग लावायच्या. रांग म्हटली की भांडण, आणि भांडण म्हटलं की बसप्पा.

माणूस खोटा नव्हता. ज्वारीवर कुणाचा गहू टाकायचा नाही. उपासाची भगर आली तर गिरणी झाडून-पुसून, पहिलं मूठभर पीठ बाजूला काढून मगच डबा भरायचा. दळण असं की भाकरी थापताना बाईनं नाव काढावं. पण राग! कारण तिळाएवढं लागायचं. कुणी रांगेत डबा पुढं सरकवला, कुणी 'किती येळ?' असं दुसऱ्यांदा विचारलं, की डबा थेट रस्त्यावर. बायडाबाईचा डबा तीनदा गेला. तिसऱ्यांदा गेला तो एसटीखाली सापडून पापडासारखा सपाट झाला. तिनं तो पत्रा न्हाणीच्या खिडकीला ठोकला आणि येईल त्या पाहुण्याला दाखवायची, "ही आमच्या बसप्पाभाऊंची मेहरबानी."

हे झालं गावाला दिसणारं. राग जसा धाडकन यायचा तसाच जायचा, आणि जाताना बसप्पाला एकट्याला मागं ठेवून जायचा. मग त्याला स्वतःचीच किळस यायची. गिरणीमागच्या भिंतीशी जाऊन तो कपाळ आपटून घ्यायचा. एकदा, दोनदा, कधी मोजदाद नसायची. दुसऱ्या दिवशी कपाळावर विभूतीचे पट्टे जाड. देवळातले म्हातारे म्हणत, बसप्पाची भक्ती वाढायली. घरात त्याची बायको शिवकांता आणि लेक शिवानी, या दोघींनाच ठाऊक होतं की विभूती जितकी जाड तितकं खालचं टेंगूळ मोठं.

शिवानी बीडच्या कॉलेजात बीएच्या शेवटच्या वर्षाला होती. देखणी, बोलायला नीट, स्थळं चालून यायची. अन् आलेली बसप्पा परतवायचा. पहिलं स्थळ पोह्यांवर मोडलं. मुलाचा बाप एवढंच म्हणाला की मीठ कमी पडलंय. बसप्पा आत गेला, मिठाची बरणी आणली आणि पाहुण्याच्या बशीत उपडी केली. "आता बगा, जमलं का?"

दुसरं स्थळ बस्त्यापर्यंत पोचलं. बस्ता म्हणजे काय ते आपल्याकडं सांगायला नको. दोन्हीकडची पंधरा-वीस माणसं कापडाच्या दुकानात पांढऱ्या गादीवर मांड्या घालून बसतात, आणि नवरीच्या शालूपासून नवरदेवाच्या आत्याच्या सासूच्या लुगड्यापर्यंत सगळं एका बैठकीत काढतात. पत्रिका जुळून, कुंकू लागूनही सोयरीक मोडायची असली तर इथं मोडते. तशी ती मोडली. नवरदेवाचा चुलता म्हणाला, टोप्या हलक्या काढल्या. बसप्पानं गादीवरच्या चादरीचं टोक धरलं आणि हिसका मारला. चादरीवर साड्यांचा ढीग होता आणि ढिगामागं माणसं होती. चुलता कपाटाखाली गेला. शिवानी चप्पल न घालताच दुकानातून बाहेर पडली ती स्टँडवर येऊन बसली.

त्याला दीड वर्ष झालं. एकोणीसशे नव्याण्णव साल उजाडलं आणि तिसरं स्थळ आलं. कडा गावचा महांतेश. घरोघर रंगीत टीव्ही आले होते, त्यानं कड्यात तबकडी बसवून घराघरांत केबलच्या वायरी नेल्या होत्या. पोरगा कमी बोलणारा. बाप लहानपणीच गेलेला. आई मंजुळाबाई, आणि सगळा कारभार मामाच्या हातात. मामा केदारनाथ. या केदारनाथची ख्याती अशी की तो लग्नात कामाला कमी आणि रुसायला जास्त. त्यानं एकदा रुसून जीपमध्ये जाऊन बसायचं, मुलीच्या बापानं मागं जायचं, त्याच्या पायावर टोपी ठेवायची, मग यानं 'बरं, तुमच्या शब्दाखातर' म्हणत खाली उतरायचं. हे इतक्या लग्नांत झालं होतं की वाजंत्रीवाले त्या वेळात चहा पिऊन घ्यायचे.

पसंती झाली. बस्ता सव्वा महिन्यानं ठरला. त्या संध्याकाळी शिवानीनं बापासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली,

"बाबा, बस्त्याला तुमी येऊ नका."

"काय?"

"आई येईल, काका येतील. तुमी नगा येऊ."

"कावून?" बसप्पाचा आवाज पत्र्यावर चढला. "बाप जिता असताना लेकीचा बस्ता बापाबिगर? लोक काय म्हणत्याल?"

"लोक दोनदा म्हणलेत बाबा. तिसऱ्यांदा म्हणायला कुणी येणार न्हाई. मला हे स्थळ आवडलंय."

'आवडलंय' हे तिनं खाली मान घालून म्हटलं, आणि तेच बसप्पाला लागलं. तो ताडकन उठून गिरणीमागं गेला. शिवानी आईसारखी आत नाही गेली, त्याच्या मागं गेली. त्यानं कपाळ भिंतीकडं नेलं तशी तिनं मध्ये हात घातला. कपाळ हातावर बसलं. तिची दोन बोटं सुजली.

बसप्पा ती बोटं बघत उभा राहिला. मग एवढंसं तोंड करून म्हणाला, "आता काय करू मी?"

"शनिवारी माझ्यासंगं बीडला चला," शिवानी म्हणाली.

तिच्या कॉलेजात एका डॉक्टरीणबाईचं व्याख्यान झालं होतं. डॉ. रुचिका. लातूरकडच्या, बंगळूरला शिकून आलेल्या, दर शनिवारी बीडात बसायच्या. शनिवारी गावातल्या बिभीषणच्या टेम्पोतून बापलेक निघाले. दवाखान्याच्या पाटीवर 'मन' हा शब्द वाचून बसप्पा जिन्यातच अडला.

"मी येडा हाय का?"

"येडे असता तर बस्त्याची काळजी कावून केली असती? चढा."

वर रांग. पाऊण तास झाला. तेवढ्यात एका म्हातारीला आधी आत सोडलं. बसप्पा उठलाच, "नंबर माझा हाय! घुसवाघुसवी चालती का हितं?" बाकावरची माणसं दचकली. एकजण तर बरं वाटायलंय म्हणून घरीच निघाला.

शिवानी शांतपणे म्हणाली, "बाबा, हेच वाक्य बायडामावशी रोज तुमाला म्हणती. तुमी तिचा डबा फेकता."

बसप्पा खाली बसला.

डॉक्टरीणबाई वयानं शिवानीपेक्षा आठ-दहा वर्षांनीच मोठ्या. त्यांनी रागाचं काहीच विचारलं नाही. पहिला प्रश्न, "कपाळाला काय झालंय?"

"विभूती हाय."

"विभूतीच्या खाली."

बसप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा वाचायला लागला. सतरा तारखेपर्यंत पोचल्यावर म्हणाला, "भिताड लागलं."

"किती वेळा?"

"मोजलं न्हाई." गिरणीच्या आवाजावर बोलायची सवय असलेला तो माणूस, पण हे दोन शब्द टेबलाच्या पलीकडं कसेबसे पोचले.

बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, "काही घरांत व्होल्टेज जास्त येतं ना, तसं असतं हे. त्याच तारेवर शेजाऱ्याचा बल्ब लागतो आणि तुमचा उडतो. तुमची चूक नाही. पण उडतो तुमचाच, त्यामुळं बंदोबस्त तुम्हालाच करावा लागेल."

"गोळी द्या मग."

"गोळी नाही, शिकवणी आहे. डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी म्हणतात."

"एवढं नाव घेईस्तवर राग निघून जाईल की बाई."

बाई हसल्या. मग सांगायला लागल्या, की याच्या मुळाशी दोन उलट्या गोष्टी आहेत आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या आहेत. तुम्ही जसे आहात तसे समजून घेण्यासारखेच आहात, ही एक. आणि तुम्हाला बदलायलाच पाहिजे, ही दुसरी.

"एक काय ते सांगा," बसप्पा म्हणाला. "चांगला हाय म्हणा न्हाईतर बदल म्हणा. दोन्ही कसं?" मग स्वतःच थांबला. बोट मिशीत खुपसून विचार केला. "थांबा. आमच्या गिरणीत दोन दगड असत्यात. एक बसलेला, एक फिरता. दोन्ही बसले तर दळण न्हाई. दोन्ही फिरले तर गिरणीच जाग्यावर न्हाई. तसं काय?"

बाईंनी पेन उचललं आणि ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. बसप्पाची छाती दोन इंच फुगली. डॉक्टर आपलं ऐकून लिहून घेतो, हे पालीत कुणाच्याच बाबतीत घडलेलं नव्हतं. पुढच्या शनिवारी यायला त्याला ओढावं लागलं नाही.

बाईंनी तीन गोष्टी दिल्या. एक, राग डोक्यात चढला की गार पाण्यात तोंड बुडवून श्वास रोखायचा आणि तीस मोजायचे. गार पाणी लागलं की अंग आपोआप थंडावतं, मग डोकं ऐकायच्या लायकीचं होतं. पाणी नसलं तर बर्फाचा खडा मुठीत आवळायचा. भिंतीपेक्षा बर्फ बरा. दोन, राग जे म्हणेल त्याच्या उलट वागायचं. ओरड म्हणाला तर हळू बोल, फेक म्हणाला तर हळूच ठेव. तीन, रोज कागदावर लिहायचं, कुणावर राग आला आणि दहापैकी किती.

पहिल्या दिवशी बसप्पानं गिरणीच्या कोपऱ्यात पाण्याची बादली ठेवली. कुणीतरी रांगेत डबा सरकवला. बसप्पाच्या नाकपुड्या फुगल्या, तो वळला आणि सगळ्या बायांसमोर त्यानं बादलीत मुंडकं घातलं. दिवसभराचं पीठ तोंडावर, भुवयांवर, मिशीत. तीस मोजून वर आला तेव्हा तोंडाची कणीक झाली होती. बादलीतलं उरलेलं पाणी नंतर म्हैस आवडीनं प्यायली. पण राग? राग उतरला होता. बसप्पालाच नवल वाटलं. त्या दिवसापासून तो आधी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसायचा, मग बुडवायचा.

हळू बोलायचं मात्र अवघड होतं. गिरणीत हळू बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून बसप्पा मोटार बंद करायचा, पट्टा पूर्ण थांबू द्यायचा, आणि त्या शांततेत म्हणायचा, "कडूबाई, तेवढा डबा जरा मागं घेता का?"

कडूबाईच्या अंगावर काटा आला. तिनं डबा मागं घेतला तो घरीच नेला.

पंधरा दिवसांत गावात बातमी पिकली. बसप्पा हळू बोलायलाय. बसप्पानं आठ दिवसांत एक डबा फेकला न्हाई. बसप्पा दर शनिवारी बीडला दवाखान्यात जातो आणि येताना बोलत न्हाई. त्यात बायडाबाईनं गिरणीत खिळ्याला टांगलेला त्याचा रोजचा कागद वाचला. त्यावर नुसती नावं आणि आकडे. ती धावत कडूबाईकडं गेली.

"अगं, त्येला आतून कायतरी लागलंय. जायच्या आधी कुणाला काय द्यायचं ते लिवून ठिवलंय. तुझ्या नावापुढं नऊ हाय आन् माझ्या नावापुढं सातच!"

"नऊ काय? पायल्या का?"

"त्ये न्हाई लिवलं. पण मला सातच कावून? डबा कुणाचा गेला एसटीखाली? तुझा का माझा?"

दुसऱ्या दिवसापासून बसप्पाकडं रीघ लागली. कुणी मोसंब्या आणल्या, कुणी लेंडीपिंपळीचा काढा. देवळातले आप्पा काठी टेकत आले. त्यांनी बराच वेळ इकडचं तिकडचं केलं आणि शेवटी म्हणाले, "शरणार्थ बसप्पा. मनात किंतु ठिवू नगंस. तुझ्या वावरात आंब्याखालची जागा म्या बघून आलोय. जमीन मऊ हाय. मांडी घालून बसवाय ऐसपैस हाय."

आपल्याकडं लिंगायत माणसाला बसवून पुरतात. जागा बघून आलोय म्हणजे काय ते बसप्पाला कळलं. त्याच्या नाकपुड्या फुगल्या. तो आत गेला, बादलीत तीस मोजले आणि ओल्या मिशीनं बाहेर येऊन अगदी हळू म्हणाला, "आप्पा, मी ठणठणीत हाय."

आप्पांच्या डोळ्यांना पाणी आलं. "आसंच म्हणत्यात रं सगळी."

ही बातमी कड्याला पोचायला वेळ लागला नाही. केदारनाथ जीप घेऊन पालीत हजर. बरोबर मंजुळाबाई. केदारनाथनं बसप्पाला खालीवर बघितलं. "पावणं, झाकून ठिवू नका. तुमचं काय झालं तर वरीसभर लगीन लांबंल. आमी तारीख अलीकडं घेतो. बस्ता येत्या सोमवारी."

म्हणजे चारच शिकवण्या झालेल्या, आणि परीक्षा दारात. बसप्पा तोंड उघडणार, 'मी बिमार नाही' म्हणणार, तर मग दवाखान्यात कशाला जाता, हा प्रश्न येणार. तो गप्प राहिला. केदारनाथनं त्या गप्प राहण्यावरून रोग आणखी वाढवला.

रविवारी शिवानीनं बापाचं कपाळ ओल्या फडक्यानं पुसलं. विभूती गेली. खाली जुना पिवळा डाग होता, नवीन काही नव्हतं.

"बाबा, उद्या या," ती म्हणाली. "दाराजवळ बसा. लई झालं तर भाईर जा. पण या."

रात्रभर बसप्पाला झोप नव्हती. लेकीनं 'या' म्हटलं होतं. आता बिघडलं तर स्थळही जाणार आणि ते 'या'ही.

दुकान बीडचं, मागच्या बस्त्याचंच; शेटनं बसप्पाला ओळखलं. 'या, या' करत त्यानं काचेचं कपाट बंद केलं, आणि चादरीची चारही टोकं गादीखाली खोचून घेतली. बस्त्याच्या गिऱ्हाइकांसाठी दुकानात नवीच सोय केली होती. टपात बर्फ, बर्फात थंड्या बाटल्या. बसप्पानं टप कुठं आहे ते नीट बघून ठेवलं आणि दाराजवळ मांडी घातली.

सकाळ बरी गेली. केदारनाथ टोपीवर घसरला, बसप्पा गप्प. टॉवेलावर घसरला, गप्प. 'पालीकडं अशीच कापडं नेसत्यात का?' म्हणाला, तरी गप्प. बसप्पाच्या मानेवरची शीर तेवढी दोरीसारखी झाली. केदारनाथलाही चैन पडेना. समोरचा भांडला नाही तर रुसायचं कशावर? तो पान खायला बाहेर गेला. बाहेर टेम्पोपाशी बिभीषण उभा. बिभीषण स्वभावानं चांगला, पण पोटात काही ठेवील तर शपथ.

"आमचे बसप्पाभाऊ लई बदलले," तो कौतुकानं म्हणाला. "दर शनिवारी मीच आणतो त्येन्ला. मनाच्या डॉक्टरीणबाईकडं."

केदारनाथ आत आला तो पान न खाताच. मध्यभागी उभा राहिला.

"आरं वा! आमी समजत हुतो माणूस मरायलाय. माणूस तर येड्याच्या दवाखान्यात जायलाय! सांगितलं कावून न्हाई? आमच्या पोराच्या गळ्यात येड्याची लेक बांधायली का?"

शेट चादरीवर दोन्ही हात दाबून बसला. ज्यांना मागचा बस्ता ऐकून माहीत होता त्यांनी पाय वर घेतले. बसप्पा उठला. त्याच्या मुठी आवळलेल्या होत्या. तो दोन पावलं केदारनाथकडं आला. केदारनाथ दोन पावलं मागं सरला. मग बसप्पा एकदम वळला, टपापाशी गुडघे टेकले, आणि बाटल्यांमध्ये जागा करून त्यानं मुंडकं बर्फात घातलं.

"आरं, जीव द्यायला लागला का काय!" केदारनाथ ओरडला. "धरा त्येला!"

"न्हाई वो," शिवकांता बसल्या जागेवरून म्हणाली. "मोजायलेत. तीस झाले की येत्यात वर."

सगळं दुकान मोजायला लागलं. मंजुळाबाईंचे ओठसुद्धा हलत होते. तिसाव्याला बसप्पा वर आला. विभूती धुऊन गेली होती, मिशीत बर्फाचा चुरा होता. त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं.

"खरं हाय," तो म्हणाला. "जातो मी. चार शनवार झाले, अजून लई शनवार जायचंय. मला राग येतो तो माझ्या ताब्यात ऱ्हात न्हाई. माझ्यापायी लेकीच्या दोन सोयरिकी मोडल्या. तुमाला आधी सांगाय पायजे हुतं, न्हाई सांगितलं, त्ये चुकलं. भ्यालो हुतो."

एवढं सरळ कुणी बोललं की पुढं काय करायचं हे केदारनाथला माहीत नव्हतं. त्यानं माहीत असलेलं केलं. "आसं हाय! बाप आसला, लेक कशी निघायची? खाण तशी माती!"

तेवढ्यात त्याच्या डोक्यावरची टोपी उडाली. फेट्याच्या कापडाचा अख्खा गठ्ठा टोपीला लागून भिंतीवर जाऊन आदळला होता.

शिवानी उभी होती. नाकपुड्या फुगलेल्या, मानेवरची शीर दोरीसारखी. "खबरदार माझ्या बापाला बोललात तर! सकाळपासून बघायली मी! टोपी खराब, टॉवेल खराब! तुमी कवा नीट बोललात का कुणाला? येडे तुमी! बाप माझा शहाणा हाय, चार शनवार शिकाय जातोय! तुमी एक दिस तरी गेलात का कुठं?"

आवाज रस्त्यावर गेला. बाहेर बिभीषण दचकून टेम्पोत चढला. तिनं दुसरा गठ्ठा उचलला. बसप्पा बघतच राहिला. एवढी वर्षं तो हे आतून बघत आला होता. बाहेरून कसं दिसतं ते त्यानं आज बघितलं. पण बघत बसायला वेळ नव्हता. त्यानं टपातला बर्फाचा खडा घेतला, लेकीच्या हातातला गठ्ठा सोडवून खडा तिच्या मुठीत दिला, आणि वरून आपली मूठ आवळली.

"बाबा, सोडा! गार लागतंय!"

"लागू दे. श्वास घे. ओरडू वाटतंय ना? बरोबर हाय तुझं वाटणं. ओरडू नगंस."

तिचे खांदे हलायला लागले. पाणी मुठीतून गळत होतं, डोळ्यांतूनही. तिनं नाक पुसलं आणि केदारनाथकडं वळली. "मामा, कापड फेकलं त्ये चुकलं माझं. माफी करा." आणि पुढं म्हणाली, "बोलले त्ये चुकलं न्हाई."

केदारनाथनं टोपी उचलली, झटकली, तिरकी घातली. "मोडली सोयरीक! मी चाललो." आणि जीपमध्ये जाऊन बसला.

आता सगळ्यांच्या नजरा बसप्पावर. रीत ठरलेली होती. मुलीच्या बापानं मागं जायचं. बसप्पा गेलाही. जीपच्या दाराशी उभा राहिला. केदारनाथनं पाय जरा पुढं केले, टोपी ठेवायला सोयीचं व्हावं म्हणून.

"पावणं," बसप्पा म्हणाला, "चारचौघात टोपी उडाली. राग येणं बरोबर हाय. मला आला असता तर मी जीप उलथी केली असती. लेकीनं माफी मागितली, मीबी मागतो. टोपी मात्र ठिवणार न्हाई. जेवण आलं की ताट हितं पाठवतो."

आणि तो परत फिरला. केदारनाथ पाय पुढं करून तसाच बसला.

आत मंजुळाबाई मांडी मोडून उठल्या होत्या. या बाई सकाळपासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. मंजुळाबाई म्हणाल्या, "दादा माझ्या लग्नात रुसला. महांतेशच्या बारशात रुसला. मालक गेले तर मातीला बी रुसून बाभळीखाली बसला, आन् म्या रडायचं सोडून त्येची समजूत काढाय गेले. राग कुणाच्या घरात न्हाई? पण रागावर औषीद घेणारं घर म्या आज पयल्यांदा बघितलं." मग पोराकडं वळल्या. "महांतेश, तुला काय म्हणायचंय त्ये म्हण. मामाकडं बघू नगंस."

महांतेशनं घसा साफ केला. सगळे पुढं वाकले. त्यानं शिवानीकडं बघितलं. "हात लई गार झाला का?"

"झाला," शिवानी म्हणाली.

"मग शालू जरा थांबून बगा. आधी च्या सांगतो."

शेटनं चादरीवरचे हात उचलले आणि मोठा श्वास सोडला. चहा आला. शालू निघाला, मंजुळाबाईंनी आणि शिवानीनं मिळून काढला. जेवण आलं, जीपमध्ये ताट गेलं आणि रिकामं परत आलं; बसप्पाचं जेवायचं तेवढं राहून गेलं. केदारनाथ मात्र आला नाही. संध्याकाळी मंजुळाबाई जाताना त्याच जीपमध्ये बसणार होत्या, तेव्हा काय ते त्या बघून घेणार होत्या.

राहता राहिली विहीणबाईंची साडी, म्हणजे शिवकांताची. बसप्पाला वाटलं, पाच मिनिटांचं काम. नेहमी तसंच असायचं. दुकानदार पहिली दाखवायचा आणि शिवकांता म्हणायची, हीच द्या. आज तिनं पहिली बाजूला सारली. दुसरी उलगडून पदर बघितला, काठ बोटांत चोळला, 'न्हाई' म्हणाली. दहावी झाली, विसावी झाली. बसप्पा बघत होता. ती कापडाकडं बघत होती. आणि मग त्याच्या लक्षात आलं की बावीस वर्षांत दुकानात ती कधी कापडाकडं बघायचीच नाही. त्याच्या तोंडाकडं बघायची. तोंड बिघडायच्या आत जी हाताला लागेल ती साडी घेऊन ती उठायची. आज तिनं एकदासुद्धा मान वळवली नव्हती.

गड्यांनी चाळीस साड्या मांडल्या. एकाचा हात दुखून आला. बसप्पाच्या पायाला मुंग्या आल्या, पोटात कावळे ओरडायला लागले, आणि मानेपाशी काहीतरी हळूहळू चढायलाही लागलं.

"आवं," शिवकांता वर न बघताच म्हणाली, "तुमी जेवून या. मला अजून बघायचंय."

बसप्पानं मांडी बदलली.

"शेट," तो म्हणाला, "ती वरच्या फळीवरली बी काढा."